सागरतीराचे कारभारी : रामचंद्रपंत अमात्य

बुऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याला समुद्र फार दूरचा वाटतो. राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर तापीचे पात्र दिसते. मुलताईला उगम पावलेली ही नदी पश्चिमेस जाते आणि सुरतेच्या पलीकडे डुमसजवळ सागराला मिळते, एवढे भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. सतराव्या शतकात मात्र या गावाचे समुद्राशी असलेले नाते पुस्तकापुरते नव्हते. इथल्या मागांवरचे कापड बैलांच्या तांड्यांवरून सुरतेस जाई आणि तेथून जहाजांनी तांबड्या समुद्राच्या बंदरांपर्यंत पोचे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेस उतरला, तो बादशहाच्या भेटीला अजमेरास जाताना आधी बुऱ्हाणपुरास येऊन शहजादा परवेझ याला भेटला. सुरतेच्या धक्क्यावर जे घडे त्याची खबर काही दिवसांत आपल्या पेठेत येत असे.

या लेखातल्या कथेची सुरुवातही एका अर्थी बुऱ्हाणपुरातच होते. 1681 च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या फौजांनी इथला बहादुरपुरा लुटला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्वतः औरंगजेब बादशहा दक्षिणेच्या मोहिमेसाठी येथे येऊन उतरला. काही महिने तो येथेच होता. इकडे बादशहाची छावणी पडलेली असताना तिकडे कोकणात संभाजीराजे जंजिऱ्याच्या सिद्दीला खाडी बुजवून गाठण्याच्या प्रयत्नात गुंतले होते. सिद्दी हा त्या वेळी मोगलांचा आरमारी नोकर होता आणि त्याला मिळणारा पैसा सुरतेच्या उत्पन्नातून जात असे. एवढे मोठे साम्राज्य, सुरतेसारखे बंदर हाताशी, पण समुद्राची राखण मात्र भाड्याने घेतलेली! बंदराने पैसा द्यावा, त्या पैशावर दुसऱ्याची गलबते पोसावीत आणि किनाऱ्यावर काय चालले आहे याची फारशी चौकशी करू नये, अशी ती व्यवस्था होती.

याच्या नेमकी उलट व्यवस्था ज्यांनी विचारपूर्वक कागदावर मांडली, ते रामचंद्र नीलकंठ बावडेकर म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते ‘आज्ञापत्रा’चे कर्ते म्हणून ठाऊक असतात. अभ्यासक्रमात दुर्गांवरचे प्रकरण बहुधा असते. आरमारावरचे प्रकरण मात्र बरेच जण चाळून सोडून देतात, आणि पंतांचे खरे वेगळेपण तर तेथेच दिसते.

पंतांचा जन्म 1650 च्या सुमाराचा. घराणे कल्याणकडचे. आजोबा सोनोपंत हे शहाजीराजांच्या काळापासून भोसल्यांच्या पदरी होते. वडील निळो सोनदेव यांनी शिवाजीमहाराजांची मुजुमदारी केली. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्याच्या प्रसंगात बखरींतून येते. ते साल 1657. त्याच खाडीत महाराजांनी पहिली गलबते बांधावयास घेतली. तेव्हा पंत सहासात वर्षांचे असतील. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ जमाखर्चाच्या गोष्टी चालत, त्या घरच्या मुलाला लाकूड किती लागते, खिळे कोठून येतात आणि खलाशाला रोज काय पडतो, हे कळायला आरमारावर जावे लागत नाही. वडिलांच्या पश्चात मुजुमदारी याच घराकडे राहिली आणि 1674 च्या राज्याभिषेकात रामचंद्रपंत अष्टप्रधानांपैकी अमात्य झाले. त्या मंडळात ते वयाने लहान होते.

त्या वर्षांतले महाराजांचे दोन कागद येथे सांगितले पाहिजेत, कारण पंतांची शाळा ती. पहिला 1671 चा, कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेला. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळते, म्हणून घाटावरचे व्यापारी बैल घेऊन तिकडे जातात आणि संगमेश्वराकडची आपली मिठागरे ओस पडू लागतात, ही अडचण होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर वाटेत अशी जबर जकात बसविण्यास सांगितले की ते आपल्या मिठाहून महाग पडावे. आज आपण ज्याला संरक्षक जकात म्हणतो ती हीच. दुसरा कागद 1675 चा. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहत होता आणि प्रभावळीच्या सुभेदाराने तेथे पोचवावयाचा पैसा व धान्य पोचविले नव्हते. महाराजांनी त्याची फार कडक शब्दांत कानउघाडणी केली. मिठागर, जकात, जलदुर्ग आणि सुभ्याची तिजोरी ही सगळी एकाच साखळीची कडी आहेत आणि एक कडी निसटली की समुद्रावरचा माणूस उपाशी मरतो, हे या कागदांतून दिसते. हिशेबाचे प्रमुख या नात्याने पंतांना ही साखळी रोज हाताळावी लागत होती.

पुढची पंचवीस वर्षे लढाईची. त्यांचा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहे, म्हणून येथे भराभर सांगतो. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले व मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. राजाराममहाराज पन्हाळ्याहून निसटून कर्नाटकमार्गे जिंजीस गेले. वाटेत बिदनूरच्या राणी चेन्नम्माने बादशहाचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावयास नको. मागे महाराष्ट्र सांभाळण्याचे काम राजाराममहाराजांनी ‘हुकुमतपनाह’ असा किताब देऊन रामचंद्रपंतांवर सोपविले. राजा सातआठशे किलोमीटर दूर, राजधानी शत्रूच्या हाती, खजिना रिकामा. अशा स्थितीत शंकराजी नारायण यांच्या साहाय्याने आणि संताजी-धनाजींच्या तलवारीच्या बळावर पंतांनी राज्य टिकविले. सह्याद्रीवरचे किल्ले एकामागून एक गेले, काही परत घेतले, पुन्हा गेले. किनाऱ्यावरचे मोठे जलदुर्ग मात्र मराठ्यांकडेच राहिले. याच धामधुमीत सुवर्णदुर्गावर कान्होजी आंग्रे नावाचा तरुण पुढे आला आणि शतक संपण्याच्या सुमारास त्याला सरखेलपद मिळाले.

एक गोष्ट मात्र पंतांच्या चाहत्यांनीही लपवू नये. पैसा नाही म्हणून त्या काळात सरदारांना वतने आणि जहागिरी सढळ हाताने द्याव्या लागल्या. देणारे हात पंतांचेच. पुढे ‘आज्ञापत्रा’त वतनदारांच्या लोभावर त्यांनी जी कठोर टीका केली आहे ती वाचताना, ही झाडे लावणाऱ्यांत आपणही होतो हे त्यांना आठवत असेलच. खुद्द त्यांच्या घराण्याकडे गगनबावड्याची जहागीर चालत आली. माणूस मोठा असला तरी काळाच्या कचाट्यातून सुटत नाही.

1707 साली औरंगजेब वारला, शाहूमहाराज सुटून आले आणि राज्य दुभंगले. पंत ताराराणींच्या पक्षाला राहिले. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळविले आणि आरमाराचा मोठा भाग एका कराराने पलीकडे गेला. कोल्हापूरकडे मालवणचा सिंधुदुर्ग व त्याभोवतीचा थोडा किनारा उरला. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन ताराराणींच्या जागी राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर आले. त्यातही पंतांचा हात होता. या नव्या, तरुण राजाच्या नावाने 1715-16 च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले गेले. लिहिणारे पासष्टीचे, राज्याचे दोन तुकडे झालेले, आणि ज्या आरमाराविषयी ते इतके बारकाईने लिहितात ते आरमार बहुतांशी प्रतिपक्षाकडे! हे ध्यानात ठेवून ते प्रकरण वाचले म्हणजे त्याला वेगळीच धार येते. आपण काय गमावले याची ती मोजदाद आहे, असे मला नेहमी वाटते.

आता त्या प्रकरणात काय आहे ते पाहू. पंत आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानतात. घोडदळ ज्याचे त्याची जमीन, तसे आरमार ज्याचे त्याचा समुद्र, या तर्काने ते चालतात. गलबते फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वारा पडला तर हलणार नाही असे धूड बांधून काय करावयाचे? पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा असावा. इतके तर कोणीही अनुभवी सेनानी सांगेल. त्यापुढचे सांगणे मात्र हिशेबनिसाचे आहे. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर लावून देऊ नये, तो मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, असे ते सांगतात. कारण उघड आहे. गलबतावरच्या लोकांचा पगार जर बंदराच्या जकातीवर अवलंबून राहिला, तर आरमारी अधिकारी सावकारांना पिळणार, सावकार दुसरे बंदर धरणार, आणि मग जकातही गेली व आरमारही गेले. सुरतेच्या उत्पन्नावर सिद्दीला पोसणाऱ्या मोगली पद्धतीचे नाव पंत घेत नाहीत, पण तिच्यातला दोष त्यांनी अचूक पकडला आहे.

समुद्रावर फिरणाऱ्या लोकांविषयीही असेच. कोळी आणि सौदागर यांच्या तरांड्यांना त्रास देऊ नये. ज्यांच्याजवळ कौल आहे त्यांना तर मुळीच अडवू नये. शत्रूच्या मुलखातले सावकारी जहाज कौलाशिवाय आले तरी त्याच्या मालाला हात न लावता, दिलासा देऊन बंदरात आणावे, लाकूड-पाणी हवे ते द्यावे, त्याला खरेदी-विक्री करू द्यावी आणि रीतीप्रमाणे हशील घ्यावे. त्या काळात पोर्तुगीज आपला परवाना नसलेले गलबत सरळ जप्त करीत, हे आठवले म्हणजे या आज्ञेचे मोल कळते. अर्थात प्रत्यक्षात मराठी आरमाराने असे नेहमी केले, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईकर इंग्रजांच्या तक्रारींची दप्तरे भरली आहेत, आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या.

पावसाळ्यातल्या छावणीचे कलम मला विशेष आवडते. पाऊस लागण्यापूर्वी आठपंधरा दिवस आधी गलबते किनाऱ्यास लावावीत, तीही उघड्या बंदरात नव्हे तर जलदुर्गाच्या आश्रयाला किंवा खाडीत आत. पण दर वर्षी एकाच बंदरात लावू नयेत! का, तर आरमारी लोक दांडगे. चार महिने रिकामे बसले की भोवतालच्या गावांना उपद्रव करतात. एकाच गावाने तो भार दर वर्षी सोसावा हे न्याय्य नाही, म्हणून तो वाटून द्यावा. कारभाराचा अनुभव असा असतो. शिपाई सज्जन होतील अशी आशा धरून पंत बसले नाहीत.

आणि लाकूड. आरमार म्हणजे लाकूड, हे त्या शतकातले सत्य. राज्यातल्या अरण्यात सागवान वगैरे जे वृक्ष असतील, त्यांतून लागेल तेवढे हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, तरी त्यांना हात लावू द्यावयाचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढविलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बलात्कार सर्वथा करू नये. कोकणातल्या माणसाला विचारावे, परसातला आंबा किंवा फणस म्हणजे काय ते. वर्षाचे दोन महिने त्यावर घर चालते. राज्याची निकड मोठी असली तरी तिने या परसात शिरू नये, असे ज्याच्या हाती तोडण्याचा अधिकार आहे तोच लिहून ठेवतो.

टोपीकरांबद्दलचे इशारे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरांसीस हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांचे बळ आरमार व दारूगोळा यांत आहे, हे पंतांनी ओळखले होते. म्हणून वखारीस जागा द्यावयाची तर समुद्रतीरी देऊ नये. आत, मोठ्या शहरांच्या दरम्यान, शहराच्या माऱ्यातली सखल जागा द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. किनाऱ्याची पट्टी ही विकावयाची किंवा भाड्याने द्यावयाची जमीन नव्हे, हा त्याचा अर्थ.

योगायोग असा की बुऱ्हाणपूर लुटले गेले त्याच 1681 साली फ्रान्समध्ये मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने चौदाव्या लुईचा सागरी कायदा निघाला. मार्च महिन्यातल्या मोठ्या भरतीचे पाणी जेथवर पसरते तेथवर समुद्रकिनारा, आणि त्यावर कोणी बांधकाम करू नये, अशी व्याख्या त्यात केली होती. कोल्बेरनेच 1669 मध्ये जहाजांच्या ओक लाकडासाठी जंगलांचा कायदा करविला होता. पंतांना याची वार्ता असण्याचा संभव नाही. पण दोघे हिशेबी मंत्री, दोघांपुढे लाकूड आणि किनारा हाच प्रश्न, आणि उत्तरे मात्र भिन्न. कोल्बेर भरतीची रेषा आखतो. पंत रेषा आखत नाहीत, ते सरकारी माणसाला आवर घालतात.

आपल्या देशात भरतीच्या रेषेचा विचार सरकारी पातळीवर पुष्कळ उशिरा आला. 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. 1991 च्या फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली, 2011 मध्ये दुसरी, 2019 मध्ये तिसरी. या तिसरीने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. स्थानिकांना घर बांधता यावे हा एक हेतू सांगितला जातो, आणि तो खोटा नाही. कोळीवाड्यातल्या माणसाला स्वतःच्या अंगणात खोली काढता येऊ नये, हा जुन्या नियमाचा जाच खराच होता. पण 50 मीटरांच्या पलीकडे मोकळी झालेली जमीन कोळ्यांकडे राहील की दुसऱ्या कोणाकडे जाईल, हे भरतीरेषा सांगू शकत नाही. अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या तिन्ही अधिसूचना शेजारी ठेवून ‘आज्ञापत्रा’चे ते प्रकरण पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. झाडाच्या मालकाचा संतोष ही अट त्या अधिसूचनांत कोठे बसते, ते शोधावे.

पंत पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी गडावर आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत पन्हाळा आहे, जिंजी आहे, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. पंतांचे जवळजवळ सारे आयुष्यच त्या यादीत आले आहे.

त्यांच्या लिखाणाचे काय झाले? कोल्हापूरच्या राजासाठी लिहिलेला तो ग्रंथ पुण्याच्या पेशव्यांनी वाचला की नाही, कोण जाणे. 1756 च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्ऱ्यांना मोडण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या ताफ्याने विजयदुर्गाच्या खाडीत आंग्ऱ्यांचे आरमार जाळले. राज्याचे एक अंग राज्याच्याच संमतीने आगीत गेले. मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळाले, म्हणजे सावित्रीच्या मुखावरची, अगदी समुद्रतीरीची जागा.

कोल्हापूरच्या वाट्याचा किनारा त्यानंतर अर्धशतकाहून थोडा अधिक टिकला. मालवणच्या गलबतांना मुलखातून नेमणूक पोचेनाशी झाली आणि ती वाटेतल्या सावकारी जहाजांवर पोट भरू लागली. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी परत दिला. अखेर 1812 च्या तहाने मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीकडे गेले. पंतांचे वंशज तेव्हाही गगनबावड्याला कोल्हापूरच्या छत्रपतींचे जहागीरदार होते. तिथून करूळचा घाट उतरला की कोकण लागते.